चौथ्या ओळीतल्या दोन मात्रा

४ फेब्रुवारी

प्रकाशन संस्थेकडून आज जाड पाकीट आलं. वर नाव नाही, ‘हस्तलिखित सात’ एवढंच. नियम तसाच आहे. कवी कोण ते परीक्षकाला कळू नये आणि परीक्षक कोण ते कवीला. गेली अकरा वर्षं संस्था कवितेच्या प्रत्येक हस्तलिखितावर माझं मत घेते. छंदाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा असतो, हे मी गर्वाने नाही, वस्तुस्थिती म्हणून लिहितो.

चहा घेत पहिलं पान उघडलं आणि पहिल्या कडव्याला कप खाली ठेवला.

नाव निघाली, नाव निघाली
पैलतिरावर सांज निमाली
घाटावरती हाक भिरभिरे
आणखि कोणी? कोण उरे?

‘भिरभिरे’ हा शब्द आमच्या घरात एकच माणूस वापरतं. माझी धाकटी बहीण. तिचं डोकं दुखत नाही, भिरभिरतं. तिच्याकडे पाहुणे येत नाहीत, भिरभिरत येऊन जातात. पुढची पानं चाळली तर गोष्टही तीच निघाली. आंधळ्या झालेल्या नावाड्याच्या जागी त्याची मुलगी नाव चालवते, साऱ्या गावाला पैलतीरी पोचवते आणि तिला पोचवायला मात्र कोणी नसतं. ही गोष्ट धाकटीने शाळेत असताना एकदा मला सांगितली होती. मी म्हणालो होतो, लांबट आहे.

म्हणजे धाकटी कविता लिहिते. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून तीस वर्षं गाड्यांची नावं पुकारणारी धाकटी. दोनशे बारा कडव्यांची कथाकविता, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही.

ओळखीच्या माणसाचं लेखन तपासायचं नाही, असाही नियम आहे. पाकीट परत पाठवायला हवं. पण त्यावर नाव कुठे आहे? मला अधिकृतपणे काहीच माहीत नाही.

६ फेब्रुवारी

कामाला लागलो. आखीव वही, लाल पेन, पट्टी. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि ओळीत एकंदर सोळा, आठ-आठच्या दोन तुकड्यांत. हे माप सोपं आहे, लहान मुलंही या चालीत गाणी म्हणतात. पहिल्या तीन ओळी बरोबर बसतात. चौथी चौदावर संपते.

पुन्हा मोजली. चौदाच.

मला फार बरं वाटलं. पहिल्याच कडव्यात पाय घसरला.

बायको औषधांच्या दुकानातलं काम आटपून आली तेव्हा माझ्या चारशे ओळी मोजून झाल्या होत्या. तिने खांद्यावरून वाकून दोन पानं वाचली आणि म्हणाली, धाकटीचं दिसतंय. मी म्हणालो, कुणाचं आहे ते मला माहीत नाही आणि तुलाही नाही. त्यावर तिने विचारलं, हे मोठ्याने वाचून पाहिलं का. मी तिला समजावलं की मात्रा कागदावर मोजायच्या असतात, गळ्यात नाही.

“तुमचं म्हणजे चिठ्ठी वाचायची, पेशंटकडे बघायचंच नाही,” ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

७ फेब्रुवारी

नाव पैलतीराला लागते तेव्हाच्या दोन ओळी:

बाप विचारी, कोण उतरले?
लेक म्हणे, जे होते बसले.

यात काय आहे? काही नाही. उपमा नाही, अलंकार नाही, ‘उतरले-बसले’ हे यमक तर कुठल्याही कंडक्टरला सुचेल. कॉलेजात शिकवायला वर्गावर जाताना जिन्यात मी त्या ओळी तीनदा म्हटल्या. माझ्या संग्रहात एकवीस कविता आहेत आणि त्यातली एकही ओळ कुणी जिन्यात म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

११ फेब्रुवारी

यमकं तपासून झाली. क्रियापदांची यमकं फार, गरीब यमकं. पुनरुक्तीबद्दल तर बोलायलाच नको. ‘आणखि कोणी?’ ही हाक सत्तावन्न वेळा येते. ज्या बाईचा जन्म ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे’ म्हणण्यात गेला, तिला तेच तेच म्हणण्याचं काय वाटणार? हे वाक्य मला इतकं आवडलं की अहवालात घालायचा मोह झाला, पण मग मी तिला ओळखतो हे उघड होईल.

मात्रांचा हिशेब असा. दोनशे बारा कडव्यांपैकी एक्केचाळीस कडव्यांत चौथी ओळ दोन मात्रांनी तोकडी आहे. त्यात काही सूत्र आहे का, ते पाहिलं. नाही. कधी लागोपाठ तीन, कधी मध्ये नऊ कडवी कोरडी. शेवटच्या अठरा कडव्यांत मात्र एकही चूक नाही. शेवटी का होईना, हात बसला म्हणायचा.

एक्केचाळीस आकडा लाल पेनाने लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. मला मत्सर वाटत नाही. मत्सर बरोबरीच्या माणसाचा वाटतो.

१२ फेब्रुवारी

रविवार. धाकटी जेवायला आली. मी हस्तलिखित कपाटात कोंबलं आणि वर्तमानपत्र वाचत बसलो. वाटलं, आता सांगेल. जेवण झालं, भांडी झाली, वहिनीशी गुडघ्यांच्या गोष्टी झाल्या. निघताना चपला घालता घालता तिने विचारलं,

“दादा, एखाद्या ओळीत मात्रा कमी पडली तर ती चूकच असते का रे?”

“चूकच.”

“मुद्दाम ठेवली असेल तर?”

“मुद्दाम केलेल्या चुकीला मोठी चूक म्हणतात.”

ती हसली आणि मान हलवली. काय विचारायचं होतं ते विचारून झाल्यासारखी जिना उतरून गेली. मी तिला का विचारतेस म्हणून विचारलं नाही. बायको माझ्याकडे बघत होती, मी पुन्हा वर्तमानपत्र वर धरलं.

१५ फेब्रुवारी

अहवाल गेला. साडेचार पानं. शेवटचा परिच्छेद इथे उतरवून ठेवतो: ‘कवीला गोष्ट सांगण्याची ओढ आहे, पण छंदाची शिस्त नाही. सोबत जोडलेल्या यादीतील एक्केचाळीस ओळी दुरुस्त केल्याशिवाय हे हस्तलिखित छापू नये. अखेरची अठरा कडवी निर्दोष आहेत. संपूर्ण कविता त्या अठरा कडव्यांसारखी व्हावी.’

नकार दिला असता तर माझ्या मनात काही आहे असं म्हणता आलं असतं. मी दुरुस्ती सुचवली. याहून न्याय्य कोण वागलं असतं?

२० फेब्रुवारी

आज स्टाफरूममध्ये कुणीतरी कवितेबद्दल बोलत होतं, आणि मला एकदम आई आठवली. आई धाकटीचीच होती. हे मी पूर्वी कधी लिहिलं नाही, आज लिहून टाकतो. मी पहिला, मी हुशार, बक्षिसं माझी, आणि आईचा हात मात्र धाकटीच्या डोक्यावर. मेंदूत गाठ होऊन आईची वाचा गेली तेव्हाही ती सहा वर्षं धाकटीकडेच राहिली. मी दर रविवारी जात होतो. शेजारी बसून माझ्या लेखाबद्दल, विद्यापीठातल्या राजकारणाबद्दल सांगत होतो. ती डोळे मिटून पडलेली असायची. आता त्यांना काही कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. धाकटी आत गेली की आईचे डोळे उघडायचे, हे मी पाहिलेलं आहे. तेव्हा मी ते योगायोगाच्या खाती घातलं.

मागच्या पावसाळ्यात ती गेली. मला अजून त्या गोष्टीचा राग येतो. कोणत्या, ते मला नीट सांगता येत नाही.

९ मार्च

दुरुस्त हस्तलिखित आलं. सोबत संपादकबाईंची चिठ्ठी: कवीने सर्व सूचना विनातक्रार मान्य केल्या आहेत, एकदा नजर घालावी.

नजर घातली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस ओळी आता सोळा मात्रांच्या झाल्या आहेत. ‘कोण उरे रे?’ ‘कोण उरे हो?’ कुठे ‘ना’, कुठे ‘की’. छिद्रात बोळा कोंबावा तसे शब्द कोंबलेत. पट्टी लावून पाहिलं, एकही चूक नाही.

मग पहिल्यांदाच, घरात कुणी नव्हतं म्हणून, मोठ्याने वाचायला घेतलं. दहाव्या कडव्याशी थांबलो. नाव चालत नव्हती. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘रे’ आणि ‘हो’ येऊन आदळत होते. जुनी प्रत काढली, ती वाचली. चौथ्या ओळीशी माझा आवाज आपोआप थांबला, आणि त्या थांबण्याने पुढचं कडवं ऐकावंसं वाटलं.

छंदशास्त्रात याला काही नाव नाही. मी एकतीस वर्षं शिकवतो, असतं तर मला माहीत असतं.

१२ मार्च

धाकटीकडे गेलो. सहज आलो म्हणालो. तिने चहा टाकला आणि स्वतःच विषय काढला. दादा, तुला हसू येईल, पण मी एक लांबलचक कविता लिहिली आहे, संस्थेने घेतली आहे. मी आश्चर्याचा चेहरा केला. तो कसा झाला कोण जाणे.

मला आधी का नाही सांगितलंस, म्हणून विचारलं. ती म्हणाली, तू मोजायला बसला असतास.

मग तिने सगळं सांगितलं. ती कामावरून आली की संध्याकाळी आईच्या उशाशी बसून ही गोष्ट सांगायची. रोज दोन-तीन कडवी, बसस्थानकावर फावल्या वेळात जुळवलेली. पहिल्या आठवड्यात आई गप्प होती. एका संध्याकाळी नाव निघाली तशी आईने “हं” म्हटलं. लहानपणी गोष्ट ऐकताना आपण द्यायचो तसं. आपल्याला आई सांगायची, हं द्या, नाहीतर मी थांबते. सगळी वाचा गेली होती, तेवढा हं उरला होता.

“तिचा हं माझ्या शेवटच्या शब्दावर यायचा,” धाकटी म्हणाली. “दोघींचा आवाज एकदम. मग मी तो शब्दच काढून टाकला. जिथे जिथे तिने हं दिला, तिथे ओळ तेवढीच ठेवली.”

ज्या कडव्यांना आईने हं दिला नाही ती धाकटी दुसऱ्या दिवशी बदलून पाहायची. काही जमली, काही तशीच राहिली. आईला बाप आंधळा होतो तो भाग आवडायचा, तिथे लागोपाठ तीन हं आहेत. लग्नाच्या वर्णनाचा कंटाळा यायचा, तिथे नऊ कडवी काही नाही.

मी चहाचा कप हातात धरून बसलो होतो. ‘हं’ला दोन मात्रा. मी मोजल्या. मला दुसरं काही येत नाही.

शेवटची अठरा कडवी आई गेल्यावर लिहिली.

मी विचारलं, मग तू ते शब्द कोंबलेस कशाला? परीक्षकाला कळवायचं होतंस.

“काय कळवू? माझी आई इथे हं म्हणत होती? त्या माणसाला आई माहीत नाही, त्याला कसं समजणार? आणि मोठा जाणकार आहे म्हणे. तूही तेच म्हणाला होतास की, चूक ती चूक. तुम्ही दोघंही चुकणार नाही.”

चहा गार झाला होता. मी तो पिऊन टाकला आणि निघून आलो.

१३ मार्च

कॉलेजला गेलो नाही.

खरं तेच लिहायचं तर लाज दुसऱ्या नंबरावर आहे. पहिल्या नंबरावर अजून पोटात दुखतंच आहे. आईने तिला एक्केचाळीस वेळा हं म्हटलं. मी सहा वर्षं दर रविवारी त्याच खाटेशी बसलो, मला एकही नाही. मी गोष्ट सांगितली नव्हती हे खरं आहे. मी माझंच सांगत होतो, आणि तेही डोळे मिटलेल्या बाईला, घड्याळाकडे बघत. पण मी तिथे होतो.

तिची कविता चांगली आहे. हेही लिहून ठेवतो. माझ्या एकवीस कवितांपेक्षा ती चांगली आहे, आणि छंद मला तिच्याहून चांगला येतो, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत हे मला सहन होत नाही.

बायकोला सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, छापायला कधी जातंय? मी म्हणालो, पंधरा दिवसांत. ती म्हणाली, मग दिवस कमी आहेत.

१४ मार्च

गप्प राहिलो तर काय होईल, याचा आज दिवसभर विचार केला. काहीच होणार नाही. पुस्तक निघेल, लोक चार शब्द बरे बोलतील, कुणीतरी म्हणेल की चाल ठीक आहे पण ‘रे’ आणि ‘हो’ जरा जास्त. धाकटीला कधी कळणार नाही. मी एकट्याने जाणत राहीन. आणि आईचा आवाज जिथे जिथे होता तिथे माझा हात फिरलेला असेल. शेवटी आईजवळ मला जागा मिळाली ती ही.

१६ मार्च

संस्थेत जाऊन आलो. संपादकबाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर, बोलणं कमी. त्यांना सांगितलं की कवी माझी सख्खी बहीण आहे आणि हे मला पहिल्या पानापासून माहीत होतं. एक्केचाळीस ओळींना मी चूक म्हटलं ती माझी चूक आहे, आणि मूळ प्रत तशीच छापावी. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझा अहवाल फाइलमधून काढून परत वाचला. सगळा, साडेचारही पानं. मी समोर बसून होतो.

त्या म्हणाल्या की यापुढे परीक्षणासाठी पाकीट येणार नाही, हे मला समजत असेलच. मी म्हणालो, समजतं. मग त्या म्हणाल्या की मूळ प्रत छापायला कवीची संमती लागेल, आणि कवीला कारण विचारायचा हक्क आहे. ते कारण संस्था सांगणार नाही. मीच सांगायचं.

अकरा वर्षांचं काम वीस मिनिटांत संपलं. बाहेर येऊन रिक्षा शोधताना माझ्या हाताला त्या पाकिटांचं वजन आठवत होतं.

१७ मार्च

बसस्थानकावर गेलो. धाकटीची खोली फलाटाच्या टोकाला, तीन बाजूंना काच, आत माइक, वेळापत्रकाचा तक्ता आणि एक जास्तीची खुर्ची. तीस वर्षांत मी त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसलो.

म्हणालो, तो परीक्षक मी होतो.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तेवढ्यात गाडीची वेळ झाली. तिने माइक सुरू केला, गाडीचा क्रमांक दोनदा सांगितला, फलाटाचा क्रमांक दोनदा सांगितला, आवाजात तसूभर फरक नाही. माइक बंद करून विचारलं,

“माझंच आहे हे तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या कडव्यापासून.”

“आणि त्या रविवारी मी विचारलं तेव्हा?”

“तेव्हाही.”

तिने तक्त्यावरचा खडू उचलला, एका गाडीपुढे उशीर लिहिला, खडू जागेवर ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हणालो, मला तुझा हेवा वाटला. कवितेचाही आणि आईचाही. हे वाक्य मी घरून ठरवून नेलं होतं, आणि ठरवलं होतं त्यापेक्षा ते फार लहान निघालं.

ती पुन्हा माइककडे वळली. मध्ये दोन गाड्या गेल्या. मग म्हणाली की मूळ प्रत छापू दे म्हणून ती संस्थेला कळवेल. आणि माझ्याशी कधी नीट बोलावंसं वाटेल ते तिला आत्ता सांगता येणार नाही. मी उठलो.

२ एप्रिल

धाकटीचा फोन. बायकोला नाही, मला. मुद्रितं आली आहेत, ये म्हणाली. मी म्हणालो, तपासायला? ती म्हणाली, नाही, तुझं तपासणं पुरे झालं. ऐकायला ये.

दुपारी गेलो. आईची खाट तिथेच आहे, आता तिच्यावर पुस्तकं आणि घडी केलेले कपडे असतात. धाकटी खाटेच्या उशाकडच्या स्टुलावर बसली, तिची रोजची जागा असणार. मला समोर खुर्ची दिली. प्रस्तावना नाही, काही नाही, वाचायलाच लागली. तिचा आवाज हजारो लोकांनी रोज ऐकला आहे. मी तो असा कधी ऐकला नव्हता.

नाव निघाली. सांज निमाली. हाक भिरभिरली. चौथी ओळ आली आणि चौदावर थांबली. मला वाटलं, तिने मला इथे त्यासाठीच बोलावलं आहे, मला ती जागा देते आहे. मी म्हटलं,

“हं.”

धाकटीने कागद खाली केला. रागावली नव्हती. एखाद्या प्रवाशाला चुकीच्या फलाटावरून हलवावं तितक्याच शांतपणे म्हणाली,

“तिथे नको दादा. ती जागा आईची आहे.”

मी मान हलवली. तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. चौथी ओळ आली. या वेळी मी ओठ मिटून बसलो आणि मनात दोन मात्रा मोजल्या, आणि ती पुढच्या कडव्याकडे गेली.